उपाशी पट्टा

इदोवूने उपटलेल्या रोपाच्या मुळावरची गाठ नखाने चिरली आणि ती तशीच उकिडवी बसून राहिली. गाठ आतून लाल होती, ताज्या माशाच्या कल्ल्यासारखी.

लाल असायला नको होती. लाल म्हणजे आत जिवाणू कामाला लागलेले, हवेतला नत्र ओढून रोपाला भरवत असलेले. आणि हा पट्टा तर उपाशी ठेवलेला. शेजारच्या पट्ट्यात सोयाबीन पेरताना बियांना जिवाणूंची काळी भुकटी चोळली होती, इथल्या बियांना मुद्दाम नाही. दोन्ही शेजारी शेजारी उभे राहिले की फरक कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसावा, एवढ्यासाठीच. उद्या इबादानच्या विद्यापीठातून तिचे प्राध्यापक येणार होते. फरक दिसला तर इथल्या, सकी भागातल्या गावांना पुढच्या पेरणीला भुकटी मिळणार होती. नाही दिसला तर काम इथेच थांबणार होतं.

दोन्ही पट्टे सारखेच हिरवेगार होते.

शेताची मालकीण झाडाखाली तीन दगडांवर चवळी शिजवत होती. सगळा गाव तिला इया इबेजी म्हणायचा, जुळ्यांची आई. तिची जुळी केव्हाच मोठी होऊन दोन शहरांत संसाराला लागली होती. तरी एकाला सुरण धाडायचा झाला, की ही हातात तोलून तोलून तेवढाच दुसरा शोधायची, आणि दोन्ही पोती एकाच गाडीत चढवायची. एका जुळ्याला दिलं की दुसऱ्याला त्याच हाताने द्यायचं, हे तिने कधी मोडलं नव्हतं.

"इया," इदोवू जवळ येऊन हळूच म्हणाली, "उरलेली भुकटी तुमच्या पाण्याच्या माठामागे ठेवली होती. कुठे आहे ती?"

इया उगाचच चवळी ढवळत राहिली. मग सांगू लागली. पेरणी करून इदोवू शहरात परतली, रोपं वर आली, आणि येता-जाता तिला ते बघवेना. एकाच दिवशी एकाच मातीच्या पोटी आलेली दोन लेकरं. एकाला भरवलं, दुसऱ्याला नुसतं तोंड पुसून बसवलं. शेवटी एका संध्याकाळी तिने भुकटी पाण्यात कालवली आणि तुंब्याने ओळीओळीने घातली. आत जीव आहे, ऊन लागू देऊ नका, असं इदोवूनेच बजावलं होतं, म्हणून ऊन पार उतरेपर्यंत थांबली होती. तेवढी काळजी तिने घेतली होती.

"मी सांगितलं होतं ना, याला काही द्यायचं नाही?"

"सांगितलंस. मी हो पण म्हटलं." इयाने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. "पण तू स्वतः जुळ्यांच्या पाठची. नावच इदोवू. तुझ्या आईने एकाला जेवू घालून दुसऱ्याला बघत बसवलं असतं का? एवढी शिकलीस ती उपाशी ठेवायला शिकलीस का गं पोरी?"

भुकटीचं पाणी सगळ्या पट्ट्याला पुरलं का, एवढंच इदोवूने विचारलं.

आता मात्र इयाचा चेहरा पडला. ती इदोवूला पट्ट्याच्या ओढ्याकडच्या टोकाला घेऊन गेली. तिथे प्रत्येक ओळीतली शेवटची काही रोपं पिवळी, खुरटलेली उभी होती.

"यांना पुरलं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी साधं पाणी आणून घातलं. फसवल्यासारखं झालं."

इदोवूने त्यातलं एक रोप उपटलं. मुळं धुतलेल्या सुतासारखी, एकही गाठ नाही. ती उभी राहिली आणि ओळीवरून नजर टाकली. हिरवं, हिरवं, आणि मग एकदम पिवळं, रेघ मारावी तसं. दोन्ही पट्ट्यांचं पीक तोलून काढायचे वजनाचे आकडे आता कामाचे राहिले नव्हते. घडलं ते सगळं प्राध्यापकांना सांगावं लागणार होतं. पण दाखवायला ही रेघ उरली होती. तिने रेघेवर एक काटकी रोवली, आणि पिशवीतलं भुकटीचं नवं पाकीट काढून इयाच्या हातावर ठेवलं.

इयाने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि लगेच तुंबा शोधू लागली.

"आज नाही, इया. उद्या प्राध्यापक बघून गेले की तुमच्याच हाताने घाला. तोवर यांना असंच राहू दे. एवढं ऐका माझं."

इया पिवळ्या रोपांकडे बघत राहिली. मग वाकून, तापातल्या लेकराशी बोलावं तसं, त्यांना काहीतरी पुटपुटली.

झाडाखाली परतल्यावर तिने इदोवूला ताटलीभर चवळी वाढली, वर लाल पामतेल, माशाचा मोठा तुकडा. संपत आली तशी पुन्हा वाढली. मग भांड्यावर झाकण ठेवलं आणि आपली ताटली मांडीवर पालथी घालून बसली.

"तुमचं?" इदोवूने विचारलं.

"उद्या," इया ओढ्याकडच्या पिवळ्या रोपांकडे हात करून म्हणाली. "त्यांच्याबरोबर."