कचरूकाकांचा पाणविंचू

तीस वर्षं प्रयोगशाळेत शिपाई असलेल्या कचरूकाकांनी वारज्याच्या डोहातून आणलेला पाणविंचू आजवरच्या नोंदींपेक्षा वेगळा निघाला. शिकार धरणाऱ्या पायावरचा जादा काटाही त्यांनीच आधी पाहिला होता. नवी प्रजाती ठरल्यावर संशोधक निकिता म्हणाली, “सर, शोधणाऱ्याचं नाव देऊया. कचरूकाकांचं.” सर हसले. “कचरू? अहो, जगभर वाचतात ते!” काका म्हणाले, “आधीची तीन भावंडं दगावली, साहेब. मी तरी जगावं म्हणून आईने हे नाव ठेवलं.” तरीही प्रजातीला सरांच्या गुरूंचं नाव मिळालं. महिन्याभरात सर लगबगीने आले. “कचरू, तज्ज्ञांना आणखी नमुने हवेत. त्याच डोहातून आणा.” “तिथे परवाच भराव पडला, साहेब. पार्किंग होतंय.” “मग दुसरीकडे बघा!” “सगळीकडे बघून आलो,” नमुन्याची बरणी पुसत काका म्हणाले. “तुमच्या गुरुजींच्या नावाचा एवढाच उरलाय.”