मण्यांची राखण

मणी जडवलेल्या कापडावर मशीन चालवायची, तर आधी शिलाईच्या रेषेवरचा एकेक मणी हाताने काढावा लागतो, नाहीतर सुई मोडलीच म्हणून समजा. कपडे शिवून देणाऱ्या मावशींना या किचकट कामाचा भारी कंटाळा.

त्या दिवशी एका नवरीच्या आत्याबाई असंच मणी जडवलेलं कापड घेऊन आल्या आणि मशीनसमोर ठाण मांडून बसल्या. "तुमच्याकडे मणी गायब होतात म्हणे! मी इथून हलायची नाही."

"बसा की ताई," मावशी गोड हसल्या. "मणी तुम्हीच काढा अन् वाटीही तुमच्याच मांडीवर ठेवा. उगाच संशय नको."

आत्याबाईंनी चष्मा पुसला, कात्री घेतली आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. वाटी शिगोशीग भरली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यांची पाठ वळताच मावशींनी शेजारच्या इस्त्रीवालीला हाक मारली.



"अगं, उद्या एक पायघोळ झगा येतोय, नुसते मणीच मणी! नेहमीसारखं तो आणणाऱ्या बाईच्याही कानावर घाल, मी मणी चोरते म्हणून."