वाटीच्या तळाशी

"इथे. या फुलीवर," म्हातारा म्हणाला आणि कागद मुलीपुढे सरकवला.

चौदा महिन्यांत त्याने अकरा शिक्के मिळवले होते. राहिली होती एकच सही. प्रवाहाच्या खालच्या अंगाला ज्याचं पहिलं घर, त्याने 'हरकत नाही' असं लिहून द्यायचं होतं. पहिलं घर त्याच्या मुलीचं होतं. तिची सही झाली की नदीच्या वाळूतून सोनं काढायचा परवाना त्याच्या हातात. तीस वर्षं तो हे काम चोरून करत आला होता.

"उद्यापासून पोलीस दिसले की पळायचं नाही. या, बसा म्हणायचं!"

मुलगी हसली नाही. खालच्या वस्तीने तिला बजावलं होतं, सही केलीस तर आमच्या दारात येऊ नकोस.

दुपार कलली होती. नदीवरचा उजेड खिडकीतून येऊन छतावर डुलत होता. सगळी खोलीच पाण्याखाली आहे असं वाटत होतं. चार वर्षांची नात पिंपाजवळ गेली. तिने वाटीत नदीचं पाणी घेतलं, वाटी जराशी कलती धरली आणि गोल फिरवू लागली. सावकाश, नुसत्या मनगटाने. थेंबसुद्धा सांडला नाही.

म्हातारा बघतच राहिला. थाळीत वाळू अशीच फिरवायची असते. त्याला ते जमायला दोन वर्षं लागली होती.

"हात बघ तिचा! माझाच. न शिकवता आलं पोरीला."

"मी शिकवलंय, बाबा. वरचं प्यायचं, तळाचं टाकायचं. आमच्याकडे सगळे असंच पितात."

नातीने वरचं पाणी पिऊन वाटी त्याच्यापुढे धरली. "हे नाही प्यायचं हं, आजोबा."

तळाशी चिमूटभर गाळ होता. गाळात मोहरीहून लहान चंदेरी थेंब थरथरत होता. पारा. सोन्याचे कण धरायला म्हातारा तो थाळीत ओतायचा. थोडा नदीत निसटायचा. तेवढं चालायचंच. वरच्या अंगाला पारा वापरणारा दुसरा कोणी नव्हता.

मुलीने हात पुसले आणि पेन उचललं.

"वस्ती काय, चार दिवस बोलेल. या वयात तुमची पळापळ बघवत नाही मला. कुठे म्हणालात? फुली कुठाय?"

म्हाताऱ्याने कागदावर अंगठा ठेवला. बरोब्बर फुलीवर.

"दिसत नाही गं," तो म्हणाला.