तिच्या आवाजात

बाबांच्या खोलीत कुणीतरी कादंबरी वाचत होतं, आणि तो आवाज तिचाच होता.

ती दारातच थबकली. खांद्याला पिशवी, पिशवीत माईक. आत तिचाच आवाज ठसक्यात संवाद म्हणत होता. तिनं मात्र त्या कादंबरीचं एक पानही कधी मोठ्यानं वाचलेलं नव्हतं.

आवाज हाच तिचा धंदा. लिफ्टमध्ये 'दार बंद होत आहे' सांगणारी बाई तीच, साबणाच्या जाहिरातीतली खाष्ट सासूही तीच. नाही म्हणायला जीभ रेटायची नाही, मग काय, जो तो आपलं काम गळ्यात मारून जायचा. बाबांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी एवढंच मागितलं होतं, "माझी ती आवडती जाडजूड कादंबरी तुझ्या आवाजात ऐकव." ती म्हणाली, "एवढं हातावेगळं करते, की लगेच." ते होईतो दुसरं काम दत्त म्हणून उभं! असं करत वर्ष गेलं.

आज मात्र तिनं मनाचा हिय्या केला. हातातली सगळी कामं सोडली. एक स्टुडिओवाला तर तडकलाच, "पुन्हा बोलावणार नाही हं!" "नका बोलावू," ती म्हणाली, आणि थेट इकडे आली.

धाकटा भाऊ हसत बाहेर आला. "कसं जमलंय, ताई? तुझी जुनी रेकॉर्डिंग नेली होती ना मी, ती कॉम्प्युटरला ऐकवली. आता तो काहीही तुझ्या आवाजात वाचतो."

"आणि बाबांना काय सांगितलंस?"

"तूच वाचून पाठवलंयस म्हणून. काय खूश आहेत!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परका चोर परवडला असता. इथं पाठच्या भावानंच घात केला होता, आणि वर शाबासकी मागत उभा होता.

"मला न विचारता?"

"विचारायला तू सापडतेस कुठं?" त्याचं हसू मावळलं. "बाबा वाट बघत होते गं. तुला वेळ नव्हता. आवाज होता, तो घेतला."

त्याला बाजूला सारून ती आत गेली. बाबांना सगळं खरं सांगायचं, आणि पहिल्या पानापासून स्वतः वाचायचं. तिनं खटकन यंत्र बंद केलं.

"बंद का केलंस रे?" बाबा कुरकुरले.

"बाबा, मी आलेय."

"तू!" त्यांनी चाचपत तिचा हात धरला. चेहरा फुलून आला होता. "पोरी, काय वाचलंयस!"

"बाबा, ऐका ना, ते मी..."

"थांब, मला बोलू दे." त्यांनी तिचा हात दाबला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्याशी बोलताना तुला दुसरीकडे कुठं जायचं नव्हतं."