कोऱ्या वहाणा

वैशाखाच्या उन्हात येडशीच्या फलाटावर चन्नबसप्पा या पायावरून त्या पायावर होत उभा होता. काखेतल्या पिशवीत कोऱ्या वहाणा, आणि पाय उघडे! विलायतेला गेलेलं पोरगं सुखरूप परत येईल, त्याला घेऊन रामलिंगाचं दर्शन करीन, तेव्हाच पायात वहाण घालीन, असा नवस बोलला होता गडी. मधे लढाई पेटली, आगबोटी बंद पडल्या अन् नवस लांबतच गेला. टाचांची पार चाळण झाली. आज एकदाची सुटका होती.

"घरी न्हाय, थेट रामलिंगाला घ्यायची," त्यानं गाडीवान बब्रुवानला बजावलं. "आन् पोराजवळ नवसाचं बोलायचं न्हाय. नवस माझा. त्याच्या डोस्क्यावर त्याचं वझं कशाला?"

भीमाशंकर उतरला. सरकारी वजिफ्यावर शिकून आलेला, अंगात कोट, पायात बूट. बापाच्या पाया पडायला वाकला, पण प्रवासानं आंबलेली कंबर वाकेना. हात गुडघ्यापर्यंतच पोचला. गाडीत बसला तो आडवाच झाला.

"आधी रामलिंग, मग घर," चन्नबसप्पा म्हणाला.

"अप्पा, आज नका हो! दगडी पायऱ्यांचा अगदी वीट आलाय. तिकडं सुट्टी लागली की चला किल्ला बघायला, चला सरदाराचा वाडा बघायला. कोण कुठला राजा, कुठल्या पलंगावर मेला, ते ऐकत ताटकळायचं. एका वाड्यात तर फरशीला ओरखडा पडू नये म्हणून बुटांवर कापडी खोळी चढवायला लावल्या."

"फरशीला जपत्यात?" बब्रुवान गर्रकन मागं वळला. "आगं बाबौ! आन् हितं आमचं मालक..."

"बैलांकडं बघ!" चन्नबसप्पा खेकसला.

"उद्या जाऊ, अप्पा. देव कुठं पळून चाललाय?"

चन्नबसप्पाला रडूच आलं. एवढी वर्षं निघाली, पण हा ‘उद्या’ काही सोसवेना. लेकाचं उतरलेलं तोंड त्यानं बघितलं.

"घराकडं घे, बब्रुवान," तो म्हणाला.

पुढं बोळ अरुंद, म्हणून गाडी वेशीतच थांबली. भीमाशंकरनं बूट ओढून काढले. पाय सुजले होते. उतरता उतरता त्याचा हात पिशवीला लागला.

"वहाणा! माझ्यासाठी आणल्या, अप्पा? लई बरं केलंत, ह्या बुटांनी जीव घेतला बघा."

त्यानं वहाणा पायात सरकवल्यासुद्धा. बापाचं माप लेकाला अगदी बेतशीर बसलं. बब्रुवाननं तोंड उघडलं. चन्नबसप्पानं डोळे वटारले.

"घाल, बाबा," तो म्हणाला. "तुझ्याच नावाच्या हायत त्या."

भीमाशंकर बोळातून पुढं निघाला. कोऱ्या वहाणा करकर वाजत होत्या. मागनं चन्नबसप्पा चालला, हातात लेकाचे बूट, भिंतीच्या सावलीसावलीनं.