कोषातून निघालेले विश्वासराव

म्हातारपण घालवणारी कोषाची लस निघाली. ती टोचली की माणसाला सुरवंटाची भूक लागे. मग शनिवारी मारुतीच्या माळेलाही रुईचं पान मिळेना. कुमुदिनीबाईंनी दारोदार पानं हुडकून नवऱ्याला महिनाभर भरवली. आता विश्वासराव कोष करून तुळईला लटकले होते.

"तरुण होतील हो, पण मागचं आठवेल का?" शेजारच्या बेबीताईंनी विचारलं.

"मला ओळखलं म्हणजे झालं," बाई थकून म्हणाल्या.

कोष पारदर्शक झाला आणि फाटला. पंचविशीतले विश्वासराव उतरले, अंग वाळवत खाटेवर बसले आणि बाईंकडे बघून हसले.

"आजी, चहा मिळेल?"

बाई आधण ठेवायला उठल्या.

"सगळं विसरले, बेबीताई. बसल्या जागी चहा मागायचं तेवढं लक्षात आहे."