लिंबाच्या पानावरची मोडी

दौलतगंजातल्या आमच्या गच्चीवर कुंडीत लिंबू आहे. फाल्गुनात त्याच्या नव्या पालवीवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. सून गरिमाने पान पाहिलं. "आई, ही नागअळी. पानाच्या आत बसून खाते. पत्ते तोड़ दो, नीम का तेल मारो, बस."

ते मलाही ठाऊक होतं. पण चष्मा लावून पान उन्हात धरलं, तर ती रेघ म्हणजे मोडी लिपी होती. लेखणी न उचलता लिहिलेली, वडिलांनी मला शिकवली तशीच. मी वाचलं: 'पान तोडू नये.'

"माझ्या कुंडीत मलाच हुकूम?" मी म्हटलं, आणि ते पान तोडलं. बाकीची किडकी पानंही तोडली आणि झाडभर कडुनिंबाचं तेल फवारलं.

आठवड्याने पुन्हा पालवी फुटली. या वेळी पानापानावर लिहिलं होतं: 'शामला, पान तोडू नये.' मला नावाने हाक मारणारं आता घरात कुणी उरलेलं नाही.

तीही सगळी पानं तोडली. एक ठेवलं नाही.

आज सकाळी डाव्या मनगटाला खाज सुटली. कातडीखाली बारीक पांढरी रेघ दिसली. हात उन्हात धरला. 'हे पान' एवढं लिहून झालं होतं, आणि रेघ माझ्या डोळ्यांदेखत पुढे सरकत होती.

मी तेलात कापसाचा बोळा बुडवला आणि तिच्यावर दाबून धरला.

"वाक्य पुरं होऊ देणार नाही मी."

बोळ्याखालून ती कोपराकडे वळली.